सगळ्यात वर आमचं घर

पहिला मेल आला तेव्हा फसवणुकीचा समजून मी तो उडवला. दुसराही उडवला. तिसऱ्यात लिहिलं होतं की तुमची वेबसाइट ज्या योजनेवर चालते ती योजना बंद होत आहे, तेव्हा आपला मजकूर वेळेत दुसरीकडे हलवा. खाली एक निळं बटण होतं. आता निळं बटण बघून कोणाचा विश्वास बसेल? बसस्थानकात माझ्या खिडकीशेजारीच पोस्टर लावलं आहे, अनोळखी लिंक दाबू नका म्हणून. त्या पोस्टरखाली मी रोज आठ तास बसतो.

दिग्रसच्या बसस्थानकात मी वाहतूक नियंत्रक आहे. म्हणजे खिडकीतून गाड्या पुकारणारा माणूस. यवतमाळ लागली, पुसद लागली, कोणती किती वाजता आली, किती वाजता सुटली, हे सगळं नोंदवहीत लिहायचं. चाळीस मिनिटं उशीर असला तर चाळीसच लिहायचं, पस्तीस नाही. बोलायला मी थोडा तुसडा आहे असं प्रवासी म्हणतात. असेन. पण माझ्या वहीतली वेळ खोटी आहे असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

आणि मी बी.ए. आहे. आमच्या तांड्यातला पहिला पदवीधर. ही गोष्ट मी कधी लपवली नाही आणि बारीक आवाजात सांगितलीही नाही. माझ्या बापाने आयुष्यभर न वाचता अंगठा लावला. कागद समोर आला की तो आधी शाईची डबी शोधायचा. तेव्हाच मी ठरवलं होतं, आपण वाचल्याशिवाय कशावर काही उमटवायचं नाही.

ती वेबसाइट आमच्या तांड्याची होती. मीच बनवलेली. सात वर्षांपूर्वी एका साध्या साधनावर, जिथे काही येत नसलं तरी चालतं. मजकूर लिहायचा, त्याला चौकट करायची आणि बोटाने ओढून पाहिजे तिथे नेऊन सोडायची. आमच्या तांड्यात एकोणतीस घरं आहेत, तशा एकोणतीस चौकटी मी केल्या. प्रत्येक चौकट उघडली की त्या घराची हकिकत: कोण कुठून आलं, कोणाची सोयरीक कुठे झाली, म्हातारी माणसं काय सांगत होती, एखादा फोटो. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख फिरायचे. आता आम्ही कापूस, तूर, सोयाबीन करतो. मधलं सगळं फक्त बोलण्यात होतं आणि बोलणारी माणसं एकेक करून कमी होत होती. म्हणून हा खटाटोप.

चौकटी कुठे ठेवायच्या हे काही मी मनाने ठरवलं नाही. आमच्या तांड्यात श्रावणात तीज असते. पोरी टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात आणि शेवटच्या दिवशी ती पिवळी-हिरवी रोपं घरोघर वाटतात. वाटायची एक रीत आहे. आधी नायकाचं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचं घर, मग त्याच्या हाताखालच्या कारभाऱ्याचं, मग पुढची. ही ओळ चुकली तर त्या दिवशी कोणी काही बोलत नाही, पण तीन वर्षांनी एखाद्या लग्नात बोलतात. मी तीच ओळ धरली. वरच्या कोपऱ्यात नायकाचं घर, त्याला लागून कारभाऱ्याचं, आणि असं करत सगळ्यात खाली उजवीकडे आमचं. आमचं घर शेवटी ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. लिहिणाऱ्याने स्वतःला शेवटी ठेवावं एवढंच मला वाटलं. खरं सांगायचं तर ते ठेवताना मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं होतं.

या सगळ्यात नायकाचं घर म्हणजे वेबसाइटचा खांब. नायक वारले, मुलगा नोकरीसाठी मुंबईकडे, घरात राहते ती नायकीण. आम्ही तिला याडी म्हणतो, आमच्या बोलीत याडी म्हणजे आई. तांडा इथे कसा बसला हे ठाऊक असलेली ती आता एकटीच. तिच्या सासऱ्याच्या आईने तिला सांगितलं होतं की फिरता फिरता या नाल्याजवळ एक गाय व्यायला आली, तिच्यासाठी तीन दिवस थांबले, तीन दिवसांचे आठ झाले, आणि मग निघायचं राहूनच गेलं. त्या गाईचा रंग, वासराच्या कपाळावरचा चांद, थांबलेल्या माणसांनी कोणत्या दगडांची चूल केली, हे सगळं याडीने मला चार दुपारी सांगितलं आणि मी शब्दन् शब्द लिहून घेतला. ते सांगताना तिने एकच गोष्ट बजावली होती, "छोरा, माहं बोलणं जिथं ठेवशील तिथं नीट ठेव." आम्ही घरात आमच्या बोलीतच बोलतो. इथे मी तिचं बोलणं वऱ्हाडीत लिहितो आहे, म्हणजे सगळ्यांना कळेल.

तर तिसऱ्या मेलनंतर वेबसाइट उघडली की वरच एक पिवळी पट्टी दिसायला लागली, हीच सूचना. तेव्हा मला मानावं लागलं की मेल खरा आहे.

आमच्या डेपोत एक महिला वाहक आहे, मूळची नेरची. यवतमाळच्या फेऱ्या करते. ती स्वतःचा ब्लॉग लिहिते. गाडीत भेटलेली माणसं, तिकिटाचे सुटे पैसे, घाटातलं धुकं, असलं काहीबाही. वाचणारेही बरेच आहेत तिला. चहाच्या वेळी तिने माझा मोबाइल हातात घेतला.

"भाऊ, हे तं बंदच होऊन राह्यलं तुमचं. काढा लवकर तिथून सगळं. माह्यासारखा ब्लॉग करा. फुकट हाय."

"फुकट काहून हाय?"

"काहून म्हंजे? हाय."

"ताई, आपल्या कॅन्टीनमधलं पाणीसुद्धा कोणाच्या तरी पैशाचं असते. हे लोक मले जागा कायले देऊन राह्यले? मी त्यायचा कोण लागतो?"

"तुमच्या लग्नाचा आहेर समजा," ती म्हणाली. "आता दाबा ते बटण, तुमचं जुनं सगळं आपोआप इकडे येते."

आपोआप हा शब्द ऐकून तर मी मोबाइल परतच घेतला. एकोणतीस घरांचा मजकूर एका बटणाने कोणीतरी उचलणार, कुठून तरी नेणार, आणि कुठेतरी ठेवणार. मधल्या वाटेत त्याला कोणकोण हात लावणार हे कोण सांगणार? आणि या ताईला एवढी घाई का? मला आणलं म्हणून हिला काही मिळतं की काय, असंही माझ्या मनात आलं. तिला मी तसं विचारलंसुद्धा. आडवळणाने विचारायची मला सवय नाही.

ती एवढी हसली की चहा सांडला. "हाव, मिळते न. तुमच्यासारखे डोकं खाणारे दहा आणले की एक फेरी माफ होते मले."

तिथल्या अटी आणि शर्ती मी वाचल्या. सगळ्या. चार दिवस लागले. भाषा अशी की एक वाक्य सुरू झालं की यवतमाळहून गाडी येऊन पुसदला निघून जावी तरी संपू नये. त्यात लिहिलं होतं की मजकूर तुमचाच राहील. पुढच्या ओळीत लिहिलं होतं की तो दाखवण्याचा, उतरवून ठेवण्याचा अधिकार आम्हाला राहील. ते मी वहीत उतरवून घेतलं. ताई म्हणाली, जगात या अटी पूर्ण वाचणारे तुम्ही पहिले. मी म्हटलं, पहिलं व्हायची मला सवय आहे.

शेवटी दुसरा रस्ता नव्हता म्हणून मी त्या ब्लॉगवर खातं काढलं. पण आपोआपचं बटण दाबलं नाही. एकेक घर स्वतःच्या हाताने टाइप केलं. ड्यूटी संपली की बसस्थानकातल्या बाकावर तासभर, सुट्टीच्या दिवशी घरी. तीन आठवडे गेले. लिहिलेलं सगळं मसुदा म्हणून ठेवलं, म्हणजे ते फक्त मला दिसणार. पूर्ण झाल्याशिवाय जगासमोर ठेवायचं नाही.

ज्या दिवशी शेवटचं घर पूर्ण झालं त्या दिवशी मी स्वच्छ हात धुतले. हसू नका, खरंच धुतले. मग एकेका घराचं 'प्रकाशित करा' बटण दाबायला बसलो. आधी नायकाचं घर. मग कारभाऱ्याचं. मग तीजेच्या ओळीप्रमाणे एकेक, घाई न करता. मनातल्या मनात मी पोरींसारखी टोपली घेऊनच निघालो होतो. सगळ्यात शेवटी आमचं घर. ते दाबलं, दुवा तांड्याच्या मोबाइल ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "आपला तांडा नवीन जागी आला आहे. सर्वांनी बघावे." तेवढ्यात पुसदची गाडी पंक्चर होऊन फलाटावर आली, चाळीस माणसं खिडकीवर चढली, आणि मी मोबाइल खणात ठेवला.

दोन तासांनी खण उघडला तर ग्रुपवर साठ निरोप. पहिलाच होता, "नवीन नायकसाहेबांचे हार्दिक अभिनंदन!" पुढे हार, फेटे, टाळ्या, हत्ती. कोणीतरी पहिल्या पानाचा फोटो काढून टाकला होता. त्यात सगळ्यात वर आमचं घर होतं. माझ्या बापाचा फोटो, त्याखाली माझा पदवीच्या गाऊनमधला फोटो. पान सरकवत, सरकवत, सरकवत अगदी तळाशी गेलं की कारभाऱ्याचं घर, आणि त्याच्याही खाली, जिथे कोणी बोट नेतच नाही, तिथे नायकाचं.

माझे कान गरम झाले. सरळ मनात आलं की हे कोणीतरी केलं आहे.

पहिला संशय ताईवर. तिनेच मला तिकडे नेलं. पण माझा पासवर्ड तिला ठाऊक नव्हता, मी तो स्वतःच्या बायकोलासुद्धा सांगितला नव्हता. दुसरा संशय कारभाऱ्यावर. आताचा कारभारी माझ्याच वयाचा. दहावीला आम्ही सोबत होतो, तो थांबला, मी पुढे गेलो. त्याचा पोरगा पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करतो. माझी चौकट वर ओढून मला तांड्यात तोंडघशी पाडायचं त्याला काय अवघड? मी उभ्या उभ्या पासवर्ड बदलला. घरी जाऊन परत बदलला. ओळ काही बदलली नाही.

संध्याकाळी तांड्यात शिरलो तर देवळासमोरच्या ओट्यावर पाच-सात जण बसले होते. कारभारी उठला. प्लास्टिकची खुर्ची उचलून त्याने मधोमध ठेवली, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली.

"या नायकसाहेब, बसा. तुमच्यावाचून बैठक थांबून राह्यली."

"मी केलं नाई ते," मी म्हटलं.

"कोणी म्हटलं तुम्ही केलं? मशीननं केलं असल. मशीनले बी समजते, बी.ए. कोण हाय अन् मॅट्रिक फेल कोण."

"तुह्या पोरालेच इचार तू मशीनचं."

हे बोललो तेव्हाच मला कळलं की नको बोलायला होतं. ओट्यावरचं हसणं बंद झालं. कारभारी खुर्ची तशीच सोडून जवळ आला आणि साध्या आवाजात म्हणाला, "माह्या पोराचं नाव घ्याचं काम नाई. अन् आईक, याडीनं निरोप देल्ला. तीजेपर्यंत तिचं घर तिथून काढून टाक म्हणे. तिचं बोलणं तिले वापस पाह्यजे."

तीज पंधरा दिवसांवर होती.

घरी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "काढून टाका न मंग, अठ्ठावीस ठेवा." तिला मी काय सांगणार? गाय नाही तर थांबणं नाही, थांबणं नाही तर तांडा नाही. याडीचं पान काढलं तर उरलेली अठ्ठावीस घरं कुठून तरी पडल्यासारखी दिसतील. आणि त्याहून वाईट म्हणजे ती विश्वास ठेवून बोलली होती आणि मी ते नीट ठेवलं नव्हतं. माझ्या पदवीचा तांड्याला उपयोग म्हणून जे एक काम मी दाखवू शकत होतो, ते हेच.

दुसऱ्या दिवशी ताईची गाडी लागताच मी तिला खिडकीत बोलावून घेतलं. तिने पान बघितलं, वरून खाली गेली, परत वर आली.

"यात कोणी काही केलं नाई भाऊ. ब्लॉग असाच राह्यते. जो शेवटी टाकला तो सगळ्यात वर बसते."

"हे कुठलं शास्त्र?"

"शास्त्र कायचं? आपल्या गाडीत पाहा न. पह्यले चढलेला मागच्या शिटावर जाते, शेवटी चढलेला दारात लटकते. स्टॉपवरच्या माणसाले पह्यला तोच दिसते."

"मी मानाच्या ओळीनं दाबलं होतं. नायकापासून."

"तं तुम्हीच उलटं केलं न. आपोआपचं बटण दाबलं असतं तं कदाचित जसं होतं तसं आलं असतं."

कदाचित, असं ती म्हणाली, म्हणून मी ते पूर्ण मान्य करत नाही. पण रात्रभर ज्यांच्यावर संशय घेतला त्या यादीत मी माझं नाव लिहिलं नव्हतं, आणि चोर तिथेच होता. मी कोणावर विश्वास टाकला नाही म्हणून हे झालं होतं.

चौकटी ओढून ठेवायची सोय तिथे नव्हती. असली तरी आम्हा दोघांना ती सापडली नाही. ताईने दुसरा उपाय दाखवला. प्रत्येक नोंदीची तारीख आणि वेळ आपल्याला बदलता येते. नायकाला सगळ्यात अलीकडची वेळ द्या, कारभाऱ्याला त्याच्या आधीची, आणि असं खाली. ओळ सरळ.

"म्हंजे खोटी तारीख?"

"खोटी कायले? मागं-पुढं."

"ताई, मी तुमच्या गाडीची वेळ वहीत मागं-पुढं लिहितो का?"

ज्या वहीत तारीख पाहिजे तशी सरकवता येते, ती वही कसली? आज मी सरकवतो, उद्या तेच लोक माझ्या नकळत सरकवतील. तीन दिवस मी त्या उपायाला हात लावला नाही. पण तीज जवळ येत होती आणि निरोपाला उत्तर तर द्यायलाच पाहिजे होतं.

चौथ्या दिवशी, साप्ताहिक सुट्टी होती, दुपारी याडीकडे गेलो. ती अंगणात तुरीच्या डाळीतले खडे काढत होती. बस म्हणाली नाही. मीच खाली बसलो.

"बापाच्या फोटोले वर घेऊन बसला म्हणे," ती सुपातून नजर न काढता म्हणाली. "चांगलं दिसते का तिथून?"

मी सगळं सांगितलं. शेवटचा वर बसतो, मी मानाने दाबत गेलो, तेच उलटलं. कारभाऱ्याच्या पोरावर मी संशय घेतला तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण अर्धं सांगणं मला जमत नाही. मग म्हटलं, "सरळ करता येते याडी. पण खोटी तारीख टाका लागते. मले ते पटत नाई. तुह्या बोलण्याच्या डोक्यावर मी खोटं लिहू का?"

तिने सूप खाली ठेवलं.

"तुही जन्मतारीख कोणती?"

"एक जून."

"तुह्या बापाची?"

"एक जून."

"माह्या पोराची? कारभाऱ्याची? तुह्यासंग शाळेत गेलेल्या सगळ्या पोरायची?"

आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर तारीख विचारायचे आणि आईबापांना ती सांगता यायची नाही. मग मास्तर जूनची पहिली लिहून टाकायचे. माझ्या बापासारख्या शाळेत न गेलेल्यांच्या कागदांवरही पुढे तीच चढली.

"तुह्या मायनं मास्तरले सांगतलं होतं, तूर फुलावर होती तवा झाला म्हणून. मीच होती सोबत. मास्तर म्हणे, तूर नाई चालत, तारीख पाह्यजे. अन् लिहून टाकली. त्याच तारखेवर तू बी.ए. झाला, त्याच तारखेवर नोकरी लागली तुले. तवा नाई काही पटाची गोष्ट केली तू." ती हसत नव्हती. "तारीख त्यायच्या वहीसाठी राह्यते. मले ओळ पाह्यजे. काढ तुहा मोबाइल. माह्यासमोर कर. तुह्यावर भरोसा नाई मले आता."

हे शेवटचं वाक्य तिने इतकं साधं म्हटलं की रागही आला नाही. मी तिच्या जागी असतो तर तेच म्हटलं असतं.

तारीख ठरली यंदाच्या जूनची पहिली. मास्तरांचीच. वेळ मी ठरवली, ते माझं रोजचं काम. शाळा भरते साडेदहाला, म्हणून नायकाच्या घराला साडेदहा. कारभाऱ्याला दहा एकोणतीस. मग एकेक मिनिट मागे.

"म्हंजे नायक शाळेत सगळ्यात उशिरा आला?" याडीने विचारलं.

"हाव. वर बसाचं तं उशिरा या लागते तिथं."

"मंग बरोबर हाय," ती म्हणाली, आणि आता पहिल्यांदा तिच्या तोंडाची गाठ सुटली. "चार दिवस गेलता तो शाळेत. चारी दिवस उशिराच."

मग ती घरांची नावं घेत गेली आणि मी वेळा टाकत गेलो. तिला वाचता येत नाही, पण प्रत्येक वेळी मोबाइल तोंडासमोर धरायला लावून फोटो ओळखत होती. बाविसावं घर झालं. मी तेविसाव्यासाठी पुढच्या घराचा फोटो उघडला. तिने माझं मनगट धरलं.

"हे कायले? आता तुहं घर."

"आमचं शेवटी हाय याडी. एकोणतिसावं."

"कोणी सांगतलं?"

"मीच ठेवलं. लिहिणारा मी, म्हणून—"

"तुह्या आज्याच्या मागून सहा घरं आली या तांड्यात. तेविसावी जागा हाय तुही. अन् शेवटच्या घराले काय भेटते तीजेले, ठाऊक हाय तुले?"

मला ठाऊक नव्हतं. शाळेत होतो तोवर परीक्षा, पुढे कॉलेज, मग ड्यूटी. तीजेचं वाटप मी लहानपणानंतर कधी उभं राहून बघितलंच नव्हतं. ओळ मी ऐकून लिहिली होती.

"टोपलीत उरलेलं सगळं शेवटच्या घराचं राह्यते," याडी म्हणाली. "टोपली बी त्याचीच. शेवटची जागा त्यायची हाय, त्यायले ती पाह्यजे. सात वर्सं झाले, तू त्यायच्या जागेवर बसून हाय. ते गरीब लोकं, बोलले नाई. म्हणत असतील, शिकलेला हाय, त्याले ती बी पाह्यजे असल."

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं. वर बसलो म्हणून तांडा माझ्यावर हसला होता, ते चार-पाच दिवसांचं होतं. खाली बसलो होतो ते सात वर्षांचं, आणि ते मी मोठेपणा म्हणून मिरवत होतो. मी आमच्या घराला दहा वाजून आठ मिनिटं टाकली. मग उरलेली सहा घरं. शेवटच्याला दहा वाजून दोन.

"आता वरून खाली दाखव," ती म्हणाली. दाखवलं. एकदा नाही, दोनदा. मग तिने सूप परत मांडीवर घेतलं. "माहं घर राहू दे तिथं. पण त्याच्यावर काही बसता नाई पाह्यजे. काहीच."

तिथून निघून मी कारभाऱ्याकडे गेलो. तो बैलगाडीला वंगण घालत होता. मी म्हटलं, "तुह्या पोराबद्दल बोललो ते चुकलं माहं." तो म्हणाला, "खुर्ची अजून तिथंच हाय, पाह्यजे तं घेऊन जा." एवढ्यावर मिटलं. पुरतं मिटलं की नाही ते एखाद्या लग्नात कळेल.

तीजेला मी रजा टाकली. दारात उभं राहून मोजत होतो. पोरी गात गात आल्या, बावीस घरं करून तेविसाव्या घरी. बायकोने पदरात रोपं घेतली. मी चपला घालून त्यांच्या मागे शेवटच्या घरापर्यंत गेलो. तिथल्या म्हातारीने पोरींकडची टोपली दोन्ही हातांनी घेतली, आत बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. टोपलीत खरंच बरीच रोपं उरली होती.

त्या दिवसाबद्दल मी लिहिलं, फोटो जोडले. पण नवीन टाकलं की ते नायकाच्या डोक्यावर जाऊन बसणार, हे आता मला पक्कं कळलं होतं. म्हणून त्याला तारीख दिली माझ्या जन्माच्या वर्षातली, जूनची पहिली. ते सगळ्या घरांच्या खाली, तळाशी जाऊन पडलं. तेव्हापासून नवीन जे काही लिहितो त्याला तीच तारीख देतो. खोटी टाकायचीच तर निदान अंगवळणी पडलेली.

ताई कपाळाला हात लावते. "भाऊ, ब्लॉग म्हंजे रोज नवीन वर आलं पाह्यजे. तुमचं नवीन दिसतच नाई कोणाले."

"ज्याले पाह्यजे तो खाली येईल," मी म्हणतो.

माझा त्या लोकांवर अजून विश्वास नाही. एकोणतीसही घरं मी कागदावर छापून घेतली आहेत आणि ओळीने लावून बापाच्या पेटीत ठेवली आहेत. वर नायक, तेविसाव्या जागी आम्ही. रोज सकाळी यवतमाळची पहिली गाडी पुकारायच्या आधी मी मोबाइल उघडून पान वरून खाली सरकवतो. परवा तिकडून मेल आला होता की बरेच दिवसांत तुम्ही नवीन काही प्रकाशित केलेलं नाही, तुमचे वाचक वाट बघत आहेत. खाली निळं बटण होतं. तो उडवला, पान तपासलं, ओळ जागेवर होती. मग माइक सुरू केला आणि गाडी पुकारली.